इलेक्ट्रिक गाडी : फ्लॅटवाल्यांपेक्षा अंगणवाल्यांच्या कामाची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र आलं होतं. इलेक्ट्रिक मोटारी म्हणजे पुण्या-मुंबईच्या पैसेवाल्यांची हौस, खानदेशात त्यांचं काय काम, असा त्यांचा सूर होता. पत्र चांगलं लिहिलेलं होतं, पण मला ते उलटं वाटलं. मी अमळनेरचा. वीज बोर्डात वायरमन म्हणून लागलो, २००५ साली बोर्डाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या तेव्हा महावितरणचा झालो आणि तिथूनच निवृत्त झालो. गावात लोक अजूनही मला ‘बोर्डवाले भाऊ’च म्हणतात. दोन वर्षं होत आली, माझ्या दारात इलेक्ट्रिक गाडी उभी आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, मला त्यांची जाहिरात करायची नाही आणि तक्रारही करायची नाही.

आमच्या गावात कुणी नवी गाडी घेतली की पहिला संशय विप्रोच्या शेअरवर जातो. ती कंपनी १९४५ साली इथेच, तेलातुपाच्या धंद्यात सुरू झाली, आणि ज्यांच्या आजोबांनी तेव्हा शेअर घेऊन पेटीत ठेवले त्यांच्या नातवंडांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या आजोबांनी शेअर घेतले नव्हते. ग्रॅच्युइटीतून आणि जुनी पेट्रोल गाडी विकून ही गाडी घेतली, एवढं सांगून पुढे जातो.

गाडी घेतल्यापासून पारावर, लग्नात, मंगळवारी मंगळग्रह मंदिराच्या गर्दीत, जिथे गाडी लावावी तिथे तेच प्रश्न. “कितलाले लिधी?”, केवढ्याला घेतली, हा पहिला. “रस्तामा बॅटरी सरनी ते काय करशात?”, रस्त्यात बॅटरी संपली तर काय कराल, हा दुसरा. तिसरा पावसाळ्यात येतो, “पानीमा करंट लागस का?” चौथा प्रश्न कुणी विचारत नाही, मनात ठेवतं : हा माणूस फसला का? तो मला चेहऱ्यावर वाचता येतो.

शहरातले लोक याला अडाणीपणा म्हणतील. मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या माणसाने आयुष्यभर बॅटरी म्हणून काय पाहिलं आहे? घरातल्या इन्व्हर्टरची, जिच्यात डिस्टिल्ड वॉटर ओतत राहावं लागतं आणि जी तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात मान टाकते. ट्रॅक्टरची, जी पेरणीच्या सकाळीच उठत नाही. आणि मोटर म्हणून काय पाहिलं आहे? विहिरीवरची. एक फेज गेला, व्होल्टेज पडलं, की वाइंडिंग जळालं, मग मोटर उपसून टेम्पोत घालून रिवाइंडिंगला न्यायची आणि केळी वाळत ठेवायची. अशा माणसाला बॅटरी आणि मोटर यांचीच बनलेली गाडी दाखवली तर तो घाबरणारच. त्याची भीती त्याच्या शेतातून आलेली आहे.

म्हणून मी पारावर बसून जे सांगतो ते इथेही सांगतो. इन्व्हर्टरची बॅटरी शिशाची असते, गाडीची लिथियमची. शिशाची बॅटरी पार रिकामी करून वापरली की काहीशे वेळांत दमते. लिथियमची, त्यातही लोह-फॉस्फेट प्रकारची, हजारांत मोजायची. समजा दीड हजार वेळाच पूर्ण भरली आणि पूर्ण वापरली, आणि एका भरण्यात खरोखरीचे २०० किलोमीटर मिळाले, तरी ३ लाख किलोमीटर होतात. अमळनेरच्या किती गाड्यांनी ३ लाख पाहिले आहेत? बहुतेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. मात्र हमीचा कागद वाचून घ्यावा. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर ती बदलून मिळणार, हे त्यात बारीक अक्षरात असतं आणि विकणारा मुलगा ते आपणहून सांगत नाही.

मोटरीचं म्हणाल तर ती विहिरीवरच्या मोटरीची चुलत बहीणच आहे, तीन फेजचीच. फरक इतका की विहिरीवरची मोटर लाइनच्या ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांवर, बांधलेली, लाइनचं जे होईल ते तिचं होईल. गाडीतल्या मोटरीला बॅटरीतून वीज घेऊन हवे तितके हर्ट्झ तयार करून देणारा कंट्रोलर असतो. लो व्होल्टेज नाही, फेज जाणं नाही. ती जळण्याचं जे कारण आपण पाहिलं आहे तेच तिच्यापाशी पोचत नाही. हे सांगितल्यावर शेतकरी पटकन समजतो, इंजिनिअर झालेल्या त्याच्या मुलाला जास्त वेळ लागतो.

आता मूळ मुद्दा. ही गाडी शहराची, असं का धरून चाललो आपण? माझा पुतण्या पुण्यात आठव्या मजल्यावर राहतो. त्यालाही घ्यायची होती. पार्किंग तळघरात, मीटर दुसऱ्या टोकाला, मधून केबल न्यायची तर सोसायटीची परवानगी हवी. समितीत कुणाला आगीची भीती, कुणाला सामाईक बिलाची. ठराव अजून झालेला नाही. माझ्याकडे काय आहे? अंगण आहे. अंगणाच्या भिंतीपलीकडे माझं स्वतःचं मीटर आहे. वर गच्ची आहे आणि गच्चीवर आपल्या खानदेशचं ऊन. पुतण्याच्या पगारापुढे माझी पेन्शन काहीच नाही, पण या गाडीच्या बाबतीत श्रीमंत मी आहे. पारोळा, चोपडा, एरंडोल, शिरपूर, साक्री, शहादा, तालुक्याच्या कुठल्याही गावात बघा, गाडी घेण्याची ऐपत असलेल्या बहुतेकांकडे घरापुढे जागा असते. तीच जागा शहरात लाखो रुपये देऊन मिळत नाही.

दुसरं, आपलं येणं-जाणं. आपण रोज कुठे जातो? अमळनेरहून धुळं चाळीस किलोमीटरच्या आत. जळगाव साठेक. चोपडा, पारोळा त्याहून जवळ. दवाखाना, कोर्ट, बाजार समिती, सोयरीक, दहावा, आखाजीला लेकीला आणायचं. सकाळी निघून संध्याकाळी घरी. जाहिरातीत ३०० किलोमीटर लिहिलेली गाडी प्रत्यक्षात २०० च्या आसपास जाते, जाहिरातीतला आकडा चाचणीतला असतो, त्यातून तिसरा हिस्सा मनातल्या मनात वजा करायचा. तरीही जळगावला जाऊन, गावात फिरून, परत येऊन बॅटरी उरते. रात्री केबल लावायची, सकाळी भरलेली. दोन वर्षांत माझं जवळपास सगळं चार्जिंग घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर झालं आहे. रिकामी बॅटरी त्यावर भरायला रात्र पुरी लागते, पण आपण काय रोज रिकामी करून आणतो?

पैशाचा हिशोब सांगतो, कारण त्याच्यावर जास्तीत जास्त थापा चालतात. विकणारे म्हणतात किलोमीटरला एक रुपया. विरोधक म्हणतात बिल डोळे पांढरे करतं. महिन्याला १००० किलोमीटर धरा. गाडी एका युनिटला साधारण ७ किलोमीटर जाते. भरताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर १६० युनिट पडतील. घरगुती दर टप्प्यांचा असतो, १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. उन्हाळ्यात कूलर-एसीने आधीच ३०० गाठलेल्या घरात गाडीचे हे युनिट महाग टप्प्यात जाऊन बसतात. म्हणून सगळा आकार धरून १५ रुपये युनिट लावा, तरी २४०० रुपये होतात. पेट्रोलची गाडी लिटरला १६ किलोमीटर देते आणि लिटर शंभरीच्या वर, म्हणजे साडेसहा हजार. महिन्याला चार हजार वाचले, वर्षाला पन्नासेक हजार.

आता गाडी घेताना जास्तीचे पैसे किती गेले ते बघा. सारख्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा दोन-अडीच लाख तरी जास्त. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी २०१९ च्या ऑगस्टपासून ५ टक्के आहे आणि महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के एकरकमी कर लागतो, तो हिला माफ आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, त्यामुळे अंतर पुन्हा वाढलं. तरी १००० किलोमीटर चालवणाऱ्याचे पैसे पाच वर्षांत निघतात. महिन्याला ५०० चालवणाऱ्याला दहा लागतील. अशा माणसाने केवळ पैसे वाचवायला ही गाडी घेऊ नये, मी त्याला तोंडावर सांगतो आणि तो नाराज होतो.

टप्प्यांच्या दरावर दोन उपाय आहेत. एक, गाडीसाठी वेगळी जोडणी. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने ग्राहक-हक्कांच्या नियमांत बदल करून गाडी चार्ज करण्यासाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क दिला आहे. हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. दुसरा उपाय गच्चीवर. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या सौर संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. आपल्याकडच्या उन्हात ३ किलोवॉट महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट देतं. दिवसा लाइनला दिलेले युनिट बिलात वळते होतात. ज्या उन्हाने मे महिन्यात आपल्याला दुपारी घराबाहेर पडू दिलं नाही त्याच उन्हाने संध्याकाळी गाडी हिंडवायची. हे सुख अंधेरीच्या फ्लॅटवाल्याच्या नशिबी नाही.

खरी अडचण सांगू का? अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी वायर. पारावर आगीबद्दल बोलतात, एका भरण्यात गाडी किती जाते त्याबद्दल बोलतात, अर्थिंगचा अ कुणी काढत नाही. गाडीसोबत येणाऱ्या केबलवर एक डबी असते. अर्थिंग नीट नसेल तर तिच्यावर लाल दिवा लागतो आणि ती गाडीला वीज देत नाही. पहिल्या वर्षी लग्नसराईत गावोगाव गेलो, यजमानांनी प्रेमाने सॉकेट दाखवला, आणि लाल दिवा. मग दुसरं घर, तिथेही लाल दिवा. तिसऱ्या घरी हिरवा लागला, ते घर दवाखान्यातल्या कंपाउंडरचं होतं, त्याच्याकडे फ्रिजमध्ये लसी असायच्या म्हणून त्याने काळजीने करून घेतलं होतं. बाकीच्या घरांत तिसऱ्या पिनमागे वायरच नव्हती, किंवा वायर होती पण ती भिंतीतून बाहेर येऊन एका खुंटीला गुंडाळलेली. अशाच घरांत कूलरचा पत्रा झटका देतो. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या करंटने माणसं जातात, आपल्याच पानावर दोन ओळींची बातमी येते. नोकरीत असताना असे पंचनामे मी पाहिले आहेत, त्यावर जास्त लिहीत नाही.

म्हणून गाडी घेणाऱ्याने आधी शोरूमला न जाता गावातल्या चांगल्या वायरमनला बोलवावं. खड्डा घ्या, प्लेट किंवा पाइप नीट पुरा, कोळसा-मीठ भरा, तांब्याची ४ एमएमची वायर थेट सॉकेटपर्यंत आणा, भार वाढला की लाइन तोडणारा स्वतंत्र एमसीबी आणि करंट गळला की लाइन तोडणारा आरसीसीबी लावा. एप्रिल-मेमध्ये आपली काळी जमीन वाळून भेगा पडतात आणि चांगलं अर्थिंगही कमजोर होतं, तेव्हा खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. सबस्टेशनला आम्ही हेच करायचो. घरचा मंजूर भार तपासा, कमी असेल तर वाढवून घ्या. आणि एक्स्टेन्शन बोर्डवर गाडी कधीही, कुणी कितीही आग्रह केला तरी, लावू नका. तीन किलोवॉट रात्रभर ओढलं की स्वस्तातला बोर्ड वितळतो. ‘गाडीला आग’ म्हणून जे कानावर येतं त्यात अशा वितळलेल्या बोर्डांचाही वाटा असतो.

आगीचं थोडक्यात. २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले, ते खोटे नव्हते. त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. लोह-फॉस्फेट बॅटरी उष्णतेला जास्त दम धरते. पेट्रोल-डिझेलच्या गाड्याही महामार्गावर पेटतात, फक्त त्यांचा व्हिडिओ कुणी पुढे पाठवत नाही.

उन्हाचं मात्र हलक्यावर नेऊ नये. जळगाव-भुसावळचा मे म्हणजे ४५ अंश, आणि बॅटरीला आवडतं २०-३०. उन्हाने गाडी बंद पडत नाही, निदान माझी पडली नाही, पण बॅटरीचं वय उन्हात लवकर वाढतं, विशेषतः शंभर टक्के भरून दिवस दिवस उन्हात उभी केली तर. मी झाडाखाली लावतो, भरणं पहाटे संपेल असं बघतो आणि दुपारी तापलेली असताना लगेच केबल लावत नाही. घेताना बॅटरीला पाण्याने थंड ठेवायची सोय असलेली गाडी घ्या, आपल्या भागात त्याचे जास्तीचे पैसे द्यायला हरकत नाही. याच उन्हात एक फायदाही कळला. कोर्टाच्या आवारात नंबर लागेपर्यंत आईला गाडीत एसी लावून बसवलं, इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही. तासाला एखाद-दोन युनिट. वकीलसाहेब बाहेर घाम पुसत उभे आणि आमची म्हातारी आत डुलकी काढतेय.

आता दीपनगरचं औष्णिक वीजकेंद्र. आपल्या पत्रलेखकांनी विचारलं होतं की भुसावळजवळ कोळसा जाळायचा आणि अमळनेरात हवा शुद्ध ठेवल्याचा टेंभा मिरवायचा, हे कसलं पर्यावरण? प्रश्न रास्त आहे. देशातली सुमारे सत्तर टक्के वीज अजून कोळशाची. दीपनगरच्या राखेत ज्यांची घरं आहेत त्यांच्यासमोर ‘शून्य प्रदूषण’ हा शब्द उच्चारायला मला लाज वाटेल. पण हिशोब असा आहे की पेट्रोलचं इंजिन त्यातल्या उष्णतेचा पाव हिस्सा, फार तर थोडा जास्त, चाकापर्यंत पोचवतं, बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जातं. मोटर मिळालेल्या विजेतला ऐंशी-पंच्याऐंशी टक्के चाकाला देते. म्हणून कोळशाची वीज धरूनही पारडं विजेच्या गाडीकडे थोडं झुकतंच. स्वच्छ वाहतुकीवर काम करणाऱ्या आयसीसीटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये बॅटरी बनवण्यापासूनचं सगळं मोजून काढलं, भारतातल्या मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक गाडीचं आयुष्यभराचं उत्सर्जन पेट्रोल गाडीपेक्षा १९ ते ३४ टक्के कमी. शून्य नाही, निम्मंही नाही. पण विजेचं मिश्रण बदलत जातं आणि गाडी तीच राहते. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आहेत, त्याच तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. हे सगळं खानदेशातच आहे, आणि ते बघायला आपण सहल काढत नाही, ही आपलीच हयगय.

आणि भुसावळच्या माणसाने विजेच्या गाडीला नवी म्हणावं याचं मला नेहमी हसू येतं. तिथे विजेवरच्या रेल्वे इंजिनांची शेड आहे. देशात पहिली विजेची रेल्वे ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत व्हीटी ते कुर्ला धावली, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. अमळनेरच्या फाटकावर आपण ज्या मालगाडीसाठी उभे राहतो ती विजेवरच जाते, आणि तिच्याबद्दल “रस्तामा सरनी ते” असं कुणी विचारत नाही. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुणे-नगर सुटली होती, विजेवरची पहिली शिवाई २०२२ मध्ये त्याच तारखेला त्याच मार्गावर. रेल्वे आणि एसटीने विश्वास टाकला, तो काही हौसेने नाही.

चालवण्याबद्दल काय लिहू, ते बसून बघायचं. कन्नडचा घाट उतरताना ब्रेकवर पाय न ठेवता गाडी आवरते आणि बॅटरीचा आकडा कमी व्हायच्या ऐवजी वर चढतो, तेव्हा मागे बसलेले सोयरेही मान पुढे काढून बघतात. घाट चढताना तिने तो आकडा भराभर खाल्लेला असतो हे मी त्यांना सांगत नाही. गिअर नाही, क्लच नाही, म्हणून आमच्या सौ. साठीच्या उंबरठ्यावर गाडी शिकल्या आणि आता धुळ्याला बहिणीकडे स्वतः जातात. मात्र त्यांनी गाडी पेट्रोल पंपावर हवा भरायला थांबवली की पोरगा माहिती मलाच विचारतो, मी शेजारी नुसता बसलेला असतो तरी.

आवाज नसण्याचा एक तोटा आहे. बाजारपेठेत माणसं, बकऱ्या, सायकली, कुणालाच मागून गाडी आलेली कळत नाही. हॉर्न वाजवावा तर दचकतात. सवयीने मी गल्लीत चालण्याच्या वेगाने जातो.

गॅरेजवाल्यांबद्दलही कुणीतरी लिहायला हवं. माझा जुना मेकॅनिक, ज्याच्याकडे मी वीस-पंचवीस वर्षं गाड्या नेल्या, तो आता मला बघून चहा पाजतो आणि म्हणतो, भाऊ, तुम्ही आमचं पोट मारलं. ऑइल नाही, प्लग नाही, टायमिंग बेल्ट नाही, क्लचप्लेट नाही. त्याच्याकडे मी जातो ते टायर आणि सस्पेन्शनसाठी, कारण बॅटरीच्या वजनाने टायर जरा लवकर झिजतात. कंपनीचं मोठं काम निघालं तर गाडी तालुक्यात दुरुस्त होत नाही, जिल्ह्याला किंवा नाशिकला न्यावी लागते आणि तिथे हे काम येणारे हात मोजके, म्हणून दिवस लागतात. आपल्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांना उच्च दाबाच्या बॅटरीवर हात ठेवायचं रीतसर शिक्षण मिळालं तर माझ्या मेकॅनिकचा मुलगा तरी उपाशी राहणार नाही. ही मागणी कुठल्या आमदाराने केल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता ज्यांनी ही गाडी घेऊ नये त्यांची नावं घेतो. भाड्याच्या घरात राहणारा, ज्याला स्वतःचं मीटर आणि उभी करायला जागा नाही. औषधं किंवा बियाणं विकत आज नंदुरबार, उद्या बुलढाणा, परवा इंदूर असा फिरणारा. घरात एकच गाडी असून दर आठवड्याला मुंबई गाठणारा. यांनी थांबावं. कारण महामार्गावरचं चार्जिंग हा अजून भरवशाचा मामला नाही. धुळ्याच्या आसपास हॉटेलांच्या आवारात आता चार्जर दिसतात, तिथून सातपुड्याच्या बाजूला वळलात की विचारून जावं लागतं. एका ठिकाणी मी पोचलो तर यंत्र बंद. शेजारच्या हॉटेलचा पोरगा म्हणाला, काका, ते पोळ्यापासून बंदच आहे. मोबाइलवर मात्र ते हिरवं, म्हणजे चालू, दिसत होतं. दुसरीकडे यंत्र चालू, पण ॲप वेगळं, त्यात आधी पैसे भरा, ओटीपी येईना कारण रेंज नाही. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, आणि प्रत्येक ॲपमध्ये माझे शे-दोनशे रुपये अडकलेले. पेट्रोल भरायला कुणी आधी सभासद व्हायला सांगतं का? शिवाय बाहेरची वीज वीस-पंचवीस रुपये युनिटच्या घरात जाते, त्यात १८ टक्के जीएसटी. म्हणजे सगळं चार्जिंग बाहेर करणाऱ्याची बचत निम्म्यावर येते.

राज्याच्या २०२५ च्या धोरणात महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं म्हटलं आहे. चांगलं आहे. त्याच धोरणात इलेक्ट्रिक मोटारींना पूर्ण टोलमाफी मिळाली ती अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर. तिन्हींपैकी एकही रस्ता जळगाव, धुळे, नंदुरबारच्या हद्दीतून जात नाही. आमच्या फास्टॅगमधून धुळ्या-जळगावच्या वाटेवर पैसे कापले जातातच. गाडी शहराची आहे असा समज लोकांमध्ये का आहे, याचं एक उत्तर सरकारच्या या यादीतही सापडेल.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. आता दोन-तीन वर्षं वापरलेल्या इलेक्ट्रिक गाड्या बऱ्याच स्वस्तात मिळतात, कारण घेणारा घाबरतो. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे दात बघितल्याशिवाय कुणी इसार देत नाही, तसं इथे बॅटरीच्या तब्येतीचा कंपनीकडचा अहवाल हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. बॅटरीची हमी नव्या मालकाच्या नावावर पुढे चालते का, तेही लेखी विचारा. आणि गाडीखाली वाकून बघा. आपल्याकडच्या गतिरोधकांना मोजमाप नाही, आणि बॅटरी तळालाच असते. विमा घेताना बॅटरीचं वेगळं संरक्षण त्यात आहे का ते बघा. तृतीय पक्ष विम्यात १५ टक्के सूट असली तरी एकूण हप्ता पेट्रोल गाडीपेक्षा जास्तच बसतो.

पत्र लांबलं. कात्री लावायची तर विप्रोवर लावा, अर्थिंगवर लावू नका.

एक विनंती आहे. आपण रोज रावेरच्या केळीचे भाव छापता, कापसाचे छापता, धरणातला साठा छापता. त्याच पानावर आठवड्यातून एकदा चार ओळींची चौकट द्या : धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यांत कोणते चार्जर चालू, कोणते बंद, आणि बंद असलेले कधीपासून. माहितीची चिंता करू नका. तिन्ही जिल्ह्यांतले आम्ही गाडीवाले एकमेकांना ही माहिती फोनवर देतच असतो. दर शनिवारी संध्याकाळपर्यंत आपल्या अमळनेर कार्यालयात लेखी आणून द्यायचं काम मी करतो.

आपला वाचक,
एक निवृत्त वायरमन
अमळनेर, जि. जळगाव